तीन जंगलजेट्ट्या आणि एक स्प्लेंडर: सातारा ते रेडी, एकट्याने

फाट्यावरचा_चालक:

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

एसटीत २७ वर्षे चालक म्हणून काढली. त्यातली निम्म्याहून जास्त सातारा–कोयना–चिपळूण–रत्नागिरी या मार्गावर. कुंभार्ली घाटातली वळणे अजूनही झोपेत हातांना जाणवतात. चिपळूण सोडलं की उजव्या हाताला समुद्राकडे जाणारे फाटे लागायचे. गुहागर, पुढे निवळीला गणपतीपुळे, जयगड. पाटी दिसायची, मागे पडायची. मागे पन्नास माणसं बसलेली आणि पुढच्या थांब्यावर तेवढीच वाट बघत असलेली, मग गाडी फाट्याला कशी वळवणार? पण दरवेळी डोळा तिकडे जायचाच. मागच्या वर्षी निवृत्त झालो आणि यंदा जानेवारीच्या शेवटी सगळे फाटे एकदा वळून यायचे म्हणून निघालो. सौ.ला मोटारसायकलवर लांब बसवत नाही, मुलगा नोकरीत. म्हणून एकटाच. गाडी माझीच, २०११ ची स्प्लेंडर प्लस.

आठ दिवस, १,०६० किलोमीटर, साडेसोळा लिटर पेट्रोल.

वाट अशी: सातारा, मेढा, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, महाड, म्हसळा, हरिहरेश्वर. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने रेडीपर्यंत. परत येताना सावंतवाडी, आंबोली, आजरा, कोल्हापूर आणि मोठ्या हायवेने घरी.

पहिल्या दिवशी पोलादपूरहून महाडकडे येताना सावित्रीच्या पुलावर गाडी कडेला घेतली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला जुना पूल पुरात वाहून गेला. त्याबरोबर आपल्या दोन गाड्या गेल्या, जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली. त्या रात्री मी चिपळूणला मुक्कामी होतो. पहाटे विश्रांतीगृहात बातमी आली तेव्हा कुणी कुणाशी बोललं नाही, आपापल्या गाडीचे टायर आणि ब्रेक तपासून लोक निघाले. ड्युटीवर असताना या जागी मला कधी उतरता आलं नव्हतं. आता नवा पूल आहे, रुंद आहे. मी दहा मिनिटं उभा राहिलो. खाली पाणी अगदी थोडं, दगडांमधून वाहणारं.

हे एवढ्यासाठी सांगतोय की दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याच्या धक्क्यावर हीच सावित्री पुन्हा भेटली. समोर वेशवी आणि बाणकोट. इंग्रजांनी १७५५ साली बाणकोटचा किल्ला घेऊन त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं होतं, तोच हा. महाडला दगडांतून वाहणारी नदी इथे एवढी पसरते की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी बोट, धक्क्याला लागली, दोन टेम्पो, एक मोटार, सहा-सात दुचाक्या आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या मावश्या चढल्या. मी इंजिन बंद केलं. आयुष्यभर रस्त्याने जाताना गाडी मी चालवली, रस्ता सरकत असताना मी स्वस्थ उभा आहे असं कधी झालंच नव्हतं. पाण्यावरची ती थोडी मिनिटं मला या आठ दिवसांत सगळ्यात आवडली.

कोकण किनाऱ्याचं गणित किलोमीटरवर बसत नाही, खाड्यांवर बसतं. गुगल सांगतं इतके तास, पण जेट्टी पलीकडे असेल तर धक्क्यावर बसायचं. माझ्या वाटेत जेट्ट्या तीन. बागमांडला–वेशवी सावित्रीवर, दाभोळ–धोपावे वाशिष्ठीवर, तवसाळ–जयगड शास्त्रीवर. पुढे रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्ये, पूर्णगड, जैतापूर सगळीकडे पूल आहेत, तिथे थांबायला लागत नाही, आणि खरं सांगतो, तिथल्या खाड्या माझ्या फारशा लक्षात राहिल्या नाहीत. सागरी महामार्गाच्या कामात या तिन्ही ठिकाणीही पूल व्हायचे आहेत. म्हणून म्हणतो, पूल होण्याआधी एकदा जाऊन या. पूल झाला की ही मजा गेली.

वेशवीहून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. रस्ता अरुंद. समोरून गाडी आली की एकाने थांबायचं. केळशीच्या आधी एका वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली होती, मागचं चाक हातभर सरकलं. वेग तीसच्या आत होता म्हणून सावरलं. लाल खडी लाल रस्त्यावर दिसत नाही, विशेषतः झाडांच्या सावलीत. वळणावर पुढचा ब्रेक दाबायचाच नाही, आधीच गिअर कमी करून घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी दाभोळची जेट्टी ओलांडून गुहागर, वेळणेश्वर. वेळणेश्वर सोडून हेदवीकडे उतरताना क्लच वायर तुटली. संध्याकाळचे साडेपाच. चढ-उताराचा रस्ता, आजूबाजूला काजूच्या बागा, माणूस नाही. अशा वेळी क्लचशिवाय गाडी चालवता येते. न्यूट्रलला किक मारायची, उताराचा फायदा घेऊन गाडी पळती करायची आणि पहिला टाकायचा. धक्का बसतो, पण जाते. नंतर ॲक्सिलरेटर सोडून हलक्या पायाने दुसरा. थांबायचं झालं तर आधीच न्यूट्रल करून घ्यायची. असा चार किलोमीटर गेलो. गावातल्या गॅरेजात स्प्लेंडरची वायर शिल्लक नव्हती. गॅरेजवाला पोरगा विशीतला. त्याने काही न बोलता स्वतःच्या गाडीची वायर काढून माझ्या गाडीला लावली. मी म्हटलं, तुझं काय? म्हणाला, "काका, मी चालत घरी जाईन, तुम्ही कुठे जाणार?" पैसे मजुरीचे घेतले फक्त. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत दोन वायरी घेतल्या, एक स्वतःसाठी ठेवली, एक गुहागरकडे जाणाऱ्या गाडीच्या वाहकाकडे दिली. तो माझ्या ओळखीचा नव्हता. मी कोण ते सांगितलं, त्याने पुडी खिशात ठेवली. तिसऱ्या दिवशी पोराचा फोन आला की पोचली.

चौथ्या दिवशी तवसाळहून जयगडला उतरलो. स्टँडवर गाडी उभी होती, चालक चहा पीत होता. त्याच्याशेजारी बसलो, बराच वेळ. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. आरे-वारेचा तो वळणावरून दिसणारा समुद्र सगळ्यांनी फोटोत बघितलाय. मला त्यापेक्षा पुढचा दिवस मोठा वाटला. पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळीला आलो. कनकादित्याचं दर्शन घेतलं आणि पुजाऱ्यांना विचारून कातळशिल्प बघायला सड्यावर गेलो. बसमधून सडा म्हणजे मला नुसता उजाड माळ वाटायचा, काळा कातळ आणि वाळलेलं गवत. एका गुराख्याने बोट दाखवलं तरी आधी काही दिसेना. ऊन कलल्यावर कोरलेल्या रेघांमध्ये सावली भरली आणि पायाजवळ एकदम सोंड दिसली. मग पाठ, मग पाय. मी हत्तीच्या आत उभा होतो! त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशी कितीतरी चित्रं. कुणी, कशासाठी, कोणत्या हत्याराने कोरलं, आणि एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून त्याला दिसलं तरी कसं? सूर्य बुडेपर्यंत बसून राहिलो. त्या रात्री देवगडला पोचायचं ठरवलं होतं, नाही पोचलो, आडिवऱ्यात राहिलो. वेळापत्रक मोडल्यावर कुणी जाब विचारणार नव्हतं.

पुढचं थोडक्यात. जैतापूर, विजयदुर्ग (हेलियमचा शोध इथूनच लागला असं सांगतात), देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला. शिरोड्याला मिठागरं बघितली, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. रेडीला गणपतीपुढे नारळ वाढवला आणि गाडी मागे वळवली. आंबोली घाटात गारठा.

शेवटचा दिवस हायवेचा. कोल्हापूर ते सातारा सहापदरीकरणाची कामं, पर्यायी वळणं, धूळ. इथे दुचाकीवाल्या मंडळींना एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण मी आयुष्यभर दुसऱ्या बाजूला बसलो होतो. बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकापासून दरवाजापर्यंत जो पट्टा असतो तिथे तुम्ही आम्हाला दिसत नाही. आरशात येतच नाही. आणि अगदी नाकासमोर, बोनेटच्या खाली घुसलात तरी दिसत नाही. तुम्हाला वाटतं हॉर्न दिलाय, ऐकलाच असेल. इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही. साधी खूण लक्षात ठेवा: तुम्हाला आमचा चेहरा आमच्या आरशात दिसत नसेल तर आम्हाला तुम्ही दिसत नाही. ओव्हरटेक उजवीकडूनच करा, आणि करायचं तर झटकन करून पुढे निघा, शेजारी रेंगाळू नका. मी हे शिकवून सांगत नाही, २७ वर्षांत दोन वेळा अगदी थोडक्यात वाचलेली पोरं माझ्या डोळ्यासमोर आहेत.

काही विचारायचं असेल तर विचारा.

नटबोल्ट:

काका, दंडवत. क्लचशिवाय घाटात गाडी चालवणं बोलायला सोपं आहे, मी गॅरेजवाला आहे म्हणून सांगतो.

एक युक्ती इथे लिहून ठेवतो. लांब निघताना नवी क्लच वायर पिशवीत ठेवू नका. जुन्या वायरीच्या बाजूनेच, टाकीखालून, तिच्याच वळणाने ओढून टेपने बांधून ठेवा. तुटली की दोन्ही टोकं अडकवायची, पाच मिनिटांत काम. अंधारात टाकी न काढता होतं. ॲक्सिलरेटरच्या वायरीलाही हेच.

दुसरं, समुद्राजवळून फिरून आल्यावर नुसती गाडी धुऊ नका. आधी गोडं पाणी भरपूर मारा, मग चेन, स्पोक, सायलेन्सरच्या खालची बाजू, स्टँडची स्प्रिंग पुसून ऑइल लावा. खारी हवा चार दिवसांत चेन लाल करते. तुमची २०११ ची म्हणजे ट्यूबचे टायर. पंक्चरला ट्यूबलेसची पट्टी चालत नाही, तेव्हा एक ट्यूब आणि चाक काढायचे पाने जवळ असू द्या.

डोंबिवलीकर_दर्यावर्दी:

सुंदर लिहिलंय. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) म्हणणार होतो, पण तुम्ही एकाच भागात संपवलंत, वाईट वाटलं.

प्रश्न असा की आम्ही दरवर्षी गणपतीला मोटारीने जातो ते मुंबई–गोवा हायवेने, म्हणजे ६६ नंबर (आमच्यासाठी तो अजून १७ च). मोटारसायकलने जायचं तर हायवे बरा की हा किनाऱ्याचा? दिवसाला किती किलोमीटर धरावे?

फाट्यावरचा_चालक:

@डोंबिवलीकर: गावाला पोचायचं असेल तर हायवे. बघायचं असेल तर किनारा. किनाऱ्याने दिवसाला १०० ते ११० धरा, त्यापेक्षा जास्त धरलंत तर नुसती गाडी हाकाल. माझा वेग चाळीसच्या वर फार कमी वेळा गेला. दर तासाला उतरून पाय मोकळे करायचे, पाणी प्यायचं. दुपारी बारा ते तीन सावलीत. सूर्य बुडाल्यावर किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी चालवू नका, गुरं रस्त्यावर बसलेली असतात.

@नटबोल्ट: वायरीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आजच ओढून घेतो.

कातळसडा:

काका, मी राजापूर तालुक्यातला. आमच्या सड्यावर तुम्ही सूर्य बुडेपर्यंत बसलात हे वाचून फार बरं वाटलं. इथे येणारे बहुतेक लोक पाच मिनिटांत फोटो काढून जातात आणि वर म्हणतात, काही नीट दिसलं नाही. दुपारच्या उन्हात दिसतच नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर या. आणि कृपा करून रेघांवर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका, चपला काढून चाला. २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण, कुडोपी ही आमची कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. यादीत नाव गेलं म्हणून कातळ टणक होत नाही. जेसीबीचा एक फेरा पुरतो.

एक दुरुस्ती. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला हे आमच्याकडेही सगळे सांगतात, साहेबाचे ओटे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं हे खरं. पण सूर्याच्या कडेच्या वायूच्या रेषा जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने बघितल्या त्या आंध्रातल्या गुंटूरहून. ज्यांच्या नावाने ते ओटे दाखवतात ते इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर साहेब त्या वेळी इंग्लंडात होते, त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिथूनच ग्रहणाशिवाय तशी निरीक्षणं केली. विजयदुर्ग त्याशिवायही मोठाच आहे. आंग्र्यांचं आरमार तिथे होतं, त्याला उसन्या गोष्टीची गरज नाही.

फाट्यावरचा_चालक:

@कातळसडा: दुरुस्तीबद्दल आभारी आहे. मला किल्ल्यावर जसं सांगितलं तसं लिहिलं. कंस तसाच ठेवतो, म्हणजे तुमची दुरुस्ती वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.

ज्युपिटरवाली:

काका, मी ४१ वर्षांची, पुण्यात राहते, बँकेत आहे. स्कूटरवरून रोज तीस किलोमीटर करते, एकदा महाबळेश्वरपर्यंत गेलेय. ही वाट स्कूटरने होईल का? आणि एकट्या बाईने राहायचं कुठे? घरचे म्हणतात कुणाला तरी बरोबर घे. मला कुणाला बरोबर घ्यायचं नाहीये, हाच मुद्दा आहे.

फाट्यावरचा_चालक:

ताई, स्कूटर जाते. चाकं लहान असल्याने खड्ड्यात जास्त आपटते, तेवढं वेगात धरा. टाकी लहान, म्हणून पेट्रोलपंप दिसला की अर्धी टाकी असली तरी भरून घ्या. केळशी–आंजर्ले आणि पूर्णगड–जैतापूर या टापूंत पंप हाताशी नसतात.

जेट्टीवर चढताना-उतरताना मात्र काळजी. धक्क्याच्या उताराला शेवाळ असतं. ओहोटीला पाणी खाली जातं, उतार जास्त तीव्र आणि जास्त ओला. ब्रेक न लावता, सरळ रेषेत, हळू एकाच वेगाने. मध्ये थांबायचं नाही. बोटीवर मोठ्या स्टँडवर लावा आणि शेजारी उभ्या राहा. भरती-ओहोटीचा हिशोब मला दाभोळच्या एका तांडेलाने शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा. शुद्ध असो की वद्य, तिथी प्रतिपदेपासूनच मोजायची. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. जेट्ट्या जमेल तितकं भरतीच्या जवळ गाठा.

राहण्याबद्दल एखाद्या ताईंनीच सांगितलेलं बरं.

वाशिष्ठीकाठ:

राहण्याचं मी सांगते. मी गुहागर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. केळशी, आंजर्ले, मुरुड, गुहागर, हेदवी, मालगुंड, सगळीकडे घरगुती राहण्या-जेवणाची सोय आहे. ज्या घरात बाईच फोन उचलते आणि "जेवायला काय करू?" असं विचारते, तिथे डोळे मिटून राहा. आदल्या संध्याकाळी फोन करा, म्हणजे मासे आणता येतात. अंधार पडायच्या आत पोचा. बाकी कुणाला सोबत घेऊ नका, या.

आता काकांना थोडं बोलायचंय. राग मानू नका. धागा मी दोनदा वाचला आणि "पूल होण्याआधी एकदा जाऊन या, पूल झाला की ही मजा गेली" या वाक्याला येऊन दोन्ही वेळा थांबले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेअकराला धोपाव्याजवळच्या वाडीतून फोन आला. पहिलटकरीण, सातवा संपून आठवा लागलेला, रक्तस्राव सुरू. तिचे सगळे कागद, तिची डॉक्टर दापोलीला, कारण माहेर तिकडचं. धक्क्यावरून पलीकडचे दाभोळचे दिवे दिसतात. बोट रात्री बंद असते, असणारच, ती माणसंही माणसंच आहेत. आम्ही तिला रुग्णवाहिकेतून चिपळूणला नेलं. पूर्ण रस्ता मी तिचा हात धरून बसले होते आणि तिची सासू एकच म्हणत होती, "तो काय समोर दाभोळ." बाई वाचली. बाळ नाही वाचलं. पूल असता तर वाचलं असतं का, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण तुम्हाला ज्या मिनिटांत शांत वाटलं ती मिनिटं आम्हाला अशी मोजावी लागतात. शाळा-कॉलेजची पोरं, माशांच्या टोपल्या, कोर्टाच्या तारखा, सगळं त्या बोटीच्या वेळेला बांधलेलं. इकडून गाडीने दाभोळला जायचं तर चिपळूण फिरून शंभर किलोमीटरच्या वर पडतं.

तुम्ही आलात, पोराची वायर परत पाठवलीत, तुमच्याबद्दल आदरच आहे. म्हणूनच लिहिलं.

डोंबिवलीकर_दर्यावर्दी:

वाचून गप्प झालो. मीही तेच वाक्य वाचून मनात "अगदी बरोबर" म्हटलं होतं.

फाट्यावरचा_चालक:

@वाशिष्ठीकाठ: ताई, काल वाचलं. लगेच उत्तर देता आलं नाही.

राग कसला मानू? मी स्वतः शेवटच्या गाडीचा चालक होतो. रात्री साडेनऊची चिपळूणहून सुटणारी गाडी दोन मिनिटं उशिरा सोडली तर वरिष्ठ विचारायचे, वेळेवर सोडली तर एखादी बाई पोर कडेवर घेऊन स्टँडच्या फाटकातून धावत येताना आरशात दिसायची. मी थांबायचो. पण किती वेळा आरशात बघितलंच नसेल, ते मला माहीत नाही. ज्याची गाडी चुकते त्याची रात्र कशी जाते हे मला कळायला हवं होतं.

ते वाक्य मी मागे घेतो. संपादकांना विनंती आहे की मूळ लेखातून काढू नये, खोडलेलं दिसेल असं ठेवावं, म्हणजे खालचं तुमचं लिखाण कशाबद्दल आहे ते कळेल. बोटीवर मला जे वाटलं ते खरंच वाटलं, ते मागे घेत नाही. पण पूल लांबावा असं म्हणायचा मला अधिकार नाही. सावित्रीच्या पुलावर उभं राहून, पूल नसला की काय होतं हे आठवून, दुसऱ्या दिवशी मी असं लिहावं हे मलाच बरं वाटत नाहीये.

दोह्याचा_मालवणी:

इथे कतारमध्ये रात्रपाळीवर बसून धागा वाचतोय. माझे आजोबा खाडीवर 'तर' चालवायचे, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी वल्ह्याची होडी. पलीकडून कुणीतरी कुकारा घालायचा आणि ते जेवणाच्या ताटावरून उठायचे. पूल झाला तेव्हा आमचा धंदा गेला. मी लहान होतो, मला वाटलं आजोबा रडतील. उद्घाटनाच्या दिवशी ते धोतर नेसून पलीकडे चालत गेले आणि चालत परत आले. आजीला म्हणाले, "पूल झालो ता बरा झाला. आता जेवान तरी गरम खाईन." होडी मात्र विकली नाही. पडवीत उलटी घालून ठेवली होती, पावसाळ्यात आम्ही तिच्याखाली लपायचो.

काकांनी बोट आवडली म्हटलं त्यात मला काही चूक वाटत नाही. वाशिष्ठीकाठताईंचंही शब्दन् शब्द खरं.

नटबोल्ट:

मालवणीदादा, या होडीवर वेगळा धागा काढा, विनंती आहे.

ज्युपिटरवाली:

धागा वर काढतेय, कारण मी निघालेय! आज दुसरा दिवस. ताम्हिणीने माणगाव, म्हसळा करत काल हरिहरेश्वरला आले.

काका, तुमचा हिशोब बरोबर आला. आज षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाच्या सुमारास. आणि मी नेमकी साडेदहालाच बागमांडल्याला पोचले, कारण सकाळी देवळात वेळ गेला. उतार अर्धा चिखलाने भरलेला. तुम्ही सांगितलं तसं सरळ रेषेत, मध्ये न थांबता उतरले. पाय थरथरत होते, पण उतरले. मागून एक मावशी म्हणाल्या, "गो, छान आणलीस गाडी." बोटीवर त्यांनी मला आवळा दिला. त्या वेशवीला लेकीकडे निघाल्या होत्या. लेक आजारी आहे, आठवड्यातून दोनदा जातात, आणि शेवटची बोट चुकू नये म्हणून जेवण न करताच परत निघतात. मी त्यांना विचारलं, पूल झाला तर? त्या म्हणाल्या, रात्रीची तिच्याकडे राहून सकाळी येईन.

आता केळशीत आहे. वायर आणली आहे, स्कूटरला क्लच नाही म्हणून ब्रेकची. हेदवीला परवा पोचेन. त्या गॅरेजचं नाव इथे लिहू नका, मला व्यक्तिगत निरोपात सांगा, त्याच्याकडून ब्रेक तपासून घेईन. आणि वाशिष्ठीकाठताई, धोपाव्याच्या धक्क्यावर उतरले की तुम्हाला फोन करू का?

वाशिष्ठीकाठ:

करा. परवा माझी सकाळची पाळी आहे, दोनला सुटते. जेवायला घरीच या. येताना दाभोळहून काही आणू नका, फक्त दुपारची बोट कितीला सुटणार ते धक्क्यावर विचारून घ्या, दुपारी कधीकधी एखादी फेरी कमी असते.